सातवीच्या वर्गात अडलेली तिसरीची वजाबाकी

पत्र: “मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. सातवीत ३४ मुलं आहेत. त्यातली ११ मुलं गणिताचा तास सुरू झाला की माना खाली घालतात. फळ्यावर बोलावलं तर ‘मॅडम, माले येत नई’ एवढंच म्हणतात. एक मुलगा तर चाचणीत नाव लिहून पेपर कोरा देतो. मी रागवत नाही, उलट ‘तुला येईल, प्रयत्न कर’ असं सारखं सांगते. शाळा सुटल्यावर जादा तास घेऊन पुस्तकातली उदाहरणं पुन्हा सोडवून देते. तेव्हा समजल्यासारखं दिसतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पुढच्या वर्षी या मुलांना आठवीची वार्षिक परीक्षा आहे. अभ्यासक्रम थांबवून मागचं शिकवू का? पालक म्हणतात, आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही, याला कुठून येणार? या मुलांचा आत्मविश्वास कसा वाढवू?” – एक शिक्षिका

ताई,

‘तेव्हा समजल्यासारखं दिसतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य. मूल आळशी आहे किंवा विसराळू आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यानं तुमच्या पायऱ्या बघून उतरवल्या, पण त्या पायऱ्या ज्यावर उभ्या राहायला हव्यात ते खाली पक्कं नव्हतं. सातवीत परिमेय संख्यांची बेरीज करताना पाढे, लसावि, सममूल्य अपूर्णांक आणि ऋण चिन्ह अशा चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्यातली एकच नवी असेल तर मूल शिकतं. चारही डळमळीत असतील तर तुम्ही कितीही छान समजावलं तरी ते समजावणं घंटा होईपर्यंतच टिकतं.

म्हणूनच ‘तुला येईल’ हे म्हणणं थांबवा. हेतू चांगला आहे, परिणाम उलटा होतो. तुम्ही येईल म्हणता, पुढच्याच मिनिटाला त्याला येत नाही, आणि मुलाच्या मनात एवढंच बसतं की सोपं असूनही मला आलं नाही. आधी विश्वास आणि मग गणित असा क्रम नसतो. आधी खरोखर काहीतरी जमावं लागतं, आणि ते जमलेलं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं. तुमचं काम धीर देण्याचं कमी आणि कुठे अडलंय ते शोधण्याचं जास्त आहे.

शोधायचं कसं? चाचणी घेऊन नाही. चाचणीत ‘चूक’ दिसते, चुकीचं कारण दिसत नाही. एकेका मुलाला बाजूला बसवा, दहा-बारा मिनिटं द्या, कागद-पेन्सिल त्याच्यासमोर ठेवा आणि एकेक उदाहरण द्या. उत्तर आलं की बरोबर-चूक काही न बोलता विचारा, “कसं केलंस ते सांग.” बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न, नाहीतर ‘कसं केलंस’ म्हणजे चुकलं असं मुलं लगेच ओळखतात. रोज दोन मुलं घेतली तर सहा दिवसांत अकराही होतील. उदाहरणं अशी घ्या:

ऐकून अंकांत लिही: एकोणसत्तर, चारशे सात, तीन हजार पन्नास
५०३ − २७८
७ × ८ आणि ६ × ९, पाढा न म्हणता
६१८ ÷ ६
८ + ४ = ☐ + ५
१० − ३ + २
१/५ आणि १/८, मोठा कोणता?
१/२ + १/३
०.३५ आणि ०.८, मोठा कोणता?
४ − ९, मग −३ − ५
“सुनीलकडे ४५ केळी आहेत. ती अनिलपेक्षा १२ ने जास्त आहेत. अनिलकडे किती?”

सातवीच्या मुलाला हे फारच खालचं वाटेल, असं वाटू देऊ नका. ही अकरा उदाहरणं दुसरी ते सहावीच्या सांध्यांवर मुद्दाम निवडलेली आहेत. आणि चुका पाहाल तर लक्षात येईल की मुलं मनाला येईल ते लिहीत नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक नियम असतो, फक्त तो चुकीच्या जागी वापरलेला असतो.

५०३ − २७८ चं उत्तर ३७५ आलं, तर मुलानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला. पाचातून दोन तीन, सातातून शून्य सात, आठातून तीन पाच. दुसरीत बिनहातच्याची वजाबाकी करताना हेच चालत होतं. मधलं शून्य ही इथली खरी अडचण आहे. ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ म्हटलं, तर शेजाऱ्याकडेच काही नाही. कागदाच्या १००, १० आणि १ च्या नोटा करा, दोघांत एक संच पुरतो. पाच शंभराच्या आणि तीन एकाच्या नोटा मांडायच्या. एक शंभराची मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक दहाची मोडून एकाच्या दहा. आता समोर ४ शतक, ९ दशक, १३ एकक आहेत. १३ − ८ = ५, ९ − ७ = २, ४ − २ = २, उत्तर २२५. नोटा हलवत असतानाच शेजारी वहीत आकडे खोडायचे. नोटा आज आणि वही उद्या असं केलं की दोन्हींचा संबंध मुलाला लागत नाही. चार-पाच दिवसांनी नोटा काढून घ्या. जोडीला दुकानदाराची रीत दाखवा: २७८ ला २ दिले की २८०, आणखी २० दिले की ३००, तिथून ५०३ पर्यंत २०३. झाले २२५. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मुलाला तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

६१८ ÷ ६ चं उत्तर १३ येणं म्हणजे भागाकारात शून्य द्यायचं राहिलं. इथे रीत पुन्हा पुन्हा घोटून घेऊ नका. भागायच्या आधी अंदाज विचारा: ६०० भागिले ६ किती? शंभर. मग १३ कसं येईल? अंदाज आधी लिहायचा, उत्तर नंतर, ही सवय वर्षभर लावली तर बऱ्याच चुका मुलं स्वतःच पकडतात.

८ + ४ = ☐ + ५ मध्ये १२ लिहिलं, तर मुलाच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिही’ अशी सूचना. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. अशा मुलाला समीकरणं शिकवली की ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढा मंत्र उरतो. उपाय पाच मिनिटांचा, पण दोन आठवडे रोज: फळ्यावर १२ = ८ + ४, ७ + ५ = ६ + ६, ९ = ९, ६ + ३ = ९ + १ अशी विधानं लिहा आणि खरं की खोटं एवढंच विचारा. १२ = ८ + ४ ला काही मुलं ‘उलटं लिहिलंय, खोटं’ म्हणतील. ती मुलं नोंदवून ठेवा.

१० − ३ + २ चं उत्तर ५ आलं, तर तो दोष मुलाचा नाही, आपला आहे. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ करून घेतलं, त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून मुलानं इमानदारीनं आधी ३ + २ केलं. भागाकार-गुणाकार एका पातळीवरचे, ते डावीकडून जसे येतील तसे; बेरीज-वजाबाकीचंही तसंच. हे सांगितल्याशिवाय तो शब्द फळ्यावर लिहूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिणारी मुलं सातवीतही निघतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची रीत आली तेव्हा बराच वाद झाला होता. वाद बाजूला ठेवा. अडलेल्या मुलाकडून महिनाभर दोन्ही नावं म्हणून घ्या: एकोणसत्तर, साठ नऊ.

पाढ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण जादा तासांचा वेळ तिथेच सगळ्यात जास्त वाया जातो. तुमच्या अकरांपैकी बहुतेकांना सातचा पाढा ‘येतो’, पण सात नव्वे विचारलं की ते सात एके सातपासून सुरुवात करतात. मोठ्या भागाकारात असं पाच-सहा वेळा करावं लागलं की आपण कुठे होतो तेच मूल विसरतं. सगळे पाढे पुन्हा म्हणून घेण्यात अर्थ नाही. दोन, पाच, दहा बहुतेकांना येतात. तीन आणि चार थोड्या सरावानं येतात. नंतर खरी डोकेदुखी फक्त दहा जोड्यांची उरते: ६×६, ६×७, ६×८, ६×९, ७×७, ७×८, ७×९, ८×८, ८×९, ९×९. मुलाला हा आकडा सांगा. ‘तीसपर्यंत पाढे’ ऐकून जो गळाठतो, तो ‘दहा जोड्या’ ऐकून कामाला लागतो. एका आठवड्यात दोनच जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीला पोचायची वाट द्या. ७×८ म्हणजे ७×४ ची दुप्पट, २८ आणि २८, ५६. ९×७ म्हणजे ७० मधून ७ कमी. ६×८ म्हणजे ५×८ मध्ये आणखी एक आठ. वाट माहीत असलेलं मूल विसरलं तरी घाबरत नाही. आणि घड्याळ लावून पाढ्यांच्या शर्यती घेऊ नका. त्यात ज्यांना येतं तेच जिंकतात, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही धडपडताय त्यांना आपला नंबर रोज नव्यानं कळतो.

आता अपूर्णांक. उच्च प्राथमिकला मुलं सर्वांत जास्त इथे हरतात, आणि गंमत म्हणजे त्यांना अपूर्णांक आधीच येत असतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मुलं बाजारात, किराणा दुकानात रोज वापरतात. ज्या मुलानं १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिलं, त्यालाच तोंडी विचारा: पाऊण किलो आणि अर्धा किलो मिळून किती? बहुतेक मुलं सव्वा किलो सांगतात. आता तेच लिहायला सांगा: ३/४ + १/२. तो ४/६ लिहील. तुम्ही फक्त एवढंच विचारा, “४/६ एकापेक्षा मोठं की लहान? आणि सव्वा?” मूल थांबतं, वहीकडे बघतं. आपलं तोंडी उत्तर बरोबर होतं आणि लिहिताना काहीतरी बिघडलं, हे त्याचं त्याला कळतं. ‘माले येत नई’ म्हणणाऱ्या मुलाला त्याला येतंय हे पटवून द्यायला याहून चांगली जागा गणितात सापडणार नाही. घरात पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, म्हणणारे आजोबा असतील तर मुलाला त्यांच्याकडून दोन-चार ओळी ऐकून यायला सांगा. पाठ करायची गरज नाही, हे हिशेब आपल्या घरात होत आले आहेत एवढं कळलं तरी बास.

समच्छेद करायला भाकरीचे किंवा वर्तुळाचे तुकडे नकोत. गोलाचे हातानं तीन किंवा पाच सारखे भाग होत नाहीत, मुलं वेडेवाकडे तुकडे काढतात आणि चित्रावरूनच चुकीचा निष्कर्ष निघतो. त्याऐवजी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापा. २४ एवढ्यासाठी की अर्धा १२, तिसरा भाग ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३, सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. अर्धी पट्टी १२, एक तृतीयांश ८, मिळून २०. म्हणजे २०/२४, म्हणजेच ५/६. छेद सारखे का करायचे, हे पट्टीवर दिसतं: बारा आणि आठ ‘सेंटिमीटर’ झाले तेव्हाच त्यांची बेरीज झाली. पाचाच्या भागांसाठी वेगळी ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या, २४ वर ते जमत नाही आणि ऐन वर्गात पंचाईत होते. १/५ आणि १/८ ची तुलनाही अशाच पट्ट्यांवर होते, पण त्या वेळी दोन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या हव्यात. ४० सेंटिमीटरच्या दोन घेतल्या तर एकीचा पाचवा भाग ८ आणि दुसरीचा आठवा भाग ५ येतो.

दशांशाला आठवडे बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा वापरा. त्यावर पाव किलोला ०.२५०, अर्ध्याला ०.५००, पाऊणला ०.७५०, सव्वाला १.२५० दिसतं. ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं म्हणणारं मूल ३५ आणि ८ बघतं. काट्यासारखी तीन घरं भरायला सांगा, ०.३५० आणि ०.८००, म्हणजे निकाल लागतो. रुपये-पैशांनी मात्र दशांश समजावू नका, निदान सुरुवातीला नको. तिथे टिंबाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या संख्या आहेत अशी समजूत पक्की होते आणि ५.५ ला मुलं ‘पाच रुपये पाच पैसे’ वाचतात. क्रिकेटमधली १२.४ षटकं तर त्याहून घातक. ते दशांशच नाहीत, बारा षटकं आणि चार चेंडू आहेत, पण मुलं तेच उदाहरण देतात. दिलं तर फरक सांगून टाका.

ऋण संख्यांना पुस्तकातलं शून्याखालचं तापमान आपल्याकडे काही उपयोगाचं नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेलेला सगळ्यांना माहीत, शून्याखाली गेलेला कुणी पाहिलेला नाही. दुकानातली उधारी घ्या. तीन रुपये देणं होतं, आणखी पाचाचं सामान उधार आणलं: −३ − ५ = −८. या उदाहरणाला ८ लिहिणारं मूल ‘वजा वजा अधिक’ हे गुणाकाराचं सूत्र बेरजेत आणतं. ते सूत्र गुणाकार येईपर्यंत वर्गात उच्चारूच नका.

शाब्दिक उदाहरणांत खरी अडचण पुष्कळदा गणिताची नसते. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर वर आणखी इंग्रजी संज्ञा. ‘प्रत्येकी’, ‘च्या मानाने’, ‘शेकडा’ या शब्दांवर मूल अडखळतं. उदाहरण वाचून झालं की आकडे झाकायला सांगा आणि विचारा, “यामा काय इचारेल शे?” (यात काय विचारलंय?) मुलानं स्वतःच्या बोलीत गोष्ट सांगितली की मगच आकडे उघडायचे. ‘जास्त दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी’ असे शब्द पकडायला शिकवू नका. वरच्या केळ्यांच्या उदाहरणात ‘जास्त’ आहे आणि उत्तर ३३ आहे. शब्द पकडणारी मुलं ५७ लिहितात. शिवाय पुस्तकातल्या आंब्यांच्या जागी केळी किंवा कापूस घातला म्हणून उदाहरण सोपं होत नाही. ज्या गोष्टीत मुलाला स्वतःचा अंदाज असतो तीच उपयोगी. उदाहरणार्थ, पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एका झाडाला २५ चौरस फूट जागा, एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणून एकरी सुमारे १,७४२ झाडं. बागाईतदाराचं पोर १७४ किंवा १७,४२० आलं तर लगेच हसतं. क्षेत्रफळाच्या धड्यात हे एक उदाहरण पुस्तकातल्या चारांच्या तोडीचं आहे.

अभ्यासक्रम थांबवू नका. थांबवला तर उरलेल्या २३ मुलांचे पालक विचारतील ते वेगळंच, शिवाय या अकरांनाही आपल्यामुळे वर्ग थांबला हे कळतं. तासाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाची पायाभरणी म्हणून ठेवा. दशांशात आणि बरोबरच्या चिन्हात तुमची ‘हुशार’ मुलंही गडबडलेली सापडतील, पडताळून बघा. प्रत्येकाला सहा उदाहरणांची चिठ्ठी, चिठ्ठ्या तीन प्रकारच्या, वरून सारख्याच दिसणाऱ्या. पहिली चार उदाहरणं त्याला आज जमतात त्यातली, पाचवं त्याच रीतीचं पण आकडे अवघड, सहावं एक पाऊल पुढचं. सहापैकी पाच बरोबर आले तर उद्या पुढे, चार किंवा कमी आले तर उद्या तेच, आकडे बदलून. एक कौशल्य चार ते सहा दिवस, मग सोडून द्या आणि आठवड्यानं एकदा, महिन्यानं एकदा परत आणा. हा परत आणायचा भाग बहुतेक ठिकाणी गळतो आणि मग ‘शिकवलं होतं तरी विसरले’ अशी तक्रार होते. दोन कौशल्यं झाली की चिठ्ठीत मिसळा, म्हणजे कोणती रीत वापरायची हेही मुलालाच ठरवावं लागेल. उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत चालू धडा.

जादा तास रोजचा बंद करा. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, एका वेळी तीन-चार मुलं, आणि गट गुणांवरून नाही तर सारख्या चुकीवरून. वजाबाकीच्या शून्याची चौघं एकत्र, बरोबरच्या चिन्हाची तिघं एकत्र. गट काम झालं की मोडायचा. कायमचा गट झाला की त्याला नाव पडतं आणि ते नाव मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी असतं.

वही चौकटीची द्या, एका चौकटीत एक अंक; रकाने सरकल्यामुळे होणाऱ्या चुका यानंच कमी होतात. खोडरबर बंद. चुकलेल्यावर एक तिरकी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. पहिल्या दिवसाच्या त्या अकरा उदाहरणांचा कागद वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवा. तीन आठवड्यांनी त्यातलीच जी कौशल्यं झाली ती पुन्हा द्या आणि दोन्ही कागद मुलापुढे ठेवा. तुम्ही काही बोलायची गरज नाही. बोलायचंच तर नेमकं बोला: “शून्य होतं तरी शंभराची नोट आधी मोडलीस.” ‘हुशार आहेस’ म्हणू नका, कारण पुढच्या चुकीला तो हुशार राहत नाही. ‘आपण भास्कराचार्यांच्या मुलखातले’ हेही नको. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, सहल जरूर न्या, पण समच्छेदावर अडलेल्या मुलाच्या खांद्यावर ते ओझं कशाला?

फळ्यावर अचानक बोलावणं बंद. आदल्या दिवशी सांगा, “उद्या चिठ्ठीतलं तिसरं तू फळ्यावर करायचंस,” आणि ते त्याच्या वहीत बरोबर आलेलंच निवडा. आठवड्यात एका मुलाला एकदा पुरे. कोणी हसलं तर त्याला शिक्षा नको, त्याच उदाहरणाची दुसरी रीत फळ्यावर लिहायला बोलवा.

अकरांपैकी कुणी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून डोळे बारीक करत असेल तर आधी नजर तपासून घ्या. फळा न दिसणं हे ‘गणित न येण्याचं’ अगदी साधं कारण असतं. आणि चार महिने नेमानं काम करूनही एखाद्याला दहापर्यंतच्या बेरजा बोटांशिवाय जमतच नसतील, घड्याळ, डावं-उजवं, संख्यांचा क्रम यांत सारखा गोंधळ होत असेल, तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवा. अध्ययन अक्षमता असेल तर त्याची रीतसर तपासणी आणि सवलती असतात. असं मूल अकरांत एखादं निघेल किंवा एकही नाही, म्हणून सुरुवात तिथून करू नका.

दसऱ्यानंतर कापूस वेचणीला मुलं दांड्या मारतील, काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतील. न आलेल्या दिवसांच्या चिठ्ठ्या त्या मुलाच्या नावाच्या पाकिटात टाकत जा. परत आल्यावर चालू धड्याऐवजी पाकिटातली सगळ्यात जुनी चिठ्ठी पहिली.

पालकांना दोनच गोष्टी सांगा. ‘आमच्या घरात कुणाला गणित आलं नाही’ हे मुलासमोर म्हणायचं नाही. त्यामुळे मुलाला न शिकण्याची घरची परवानगी मिळते. दुसरं, रात्री जेवणानंतर मुलाला एक उदाहरण समजावून सांगायला लावायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ‘कसं केलं, सांग बरं’ विचारता येतं, आणि मजुरीचा, बाजाराचा हिशेब त्या घरात रोज होतोच. शिकवणी लावायची असेल तर शिकवणीच्या सरांशी भागाकाराची रीत एकच ठेवायचं बोलून घ्या. दोन रीतींत अडकलेलं मूल दोन्हींत चुकतं. आठवीच्या परीक्षेची भीती आत्तापासून घालू नका. त्यात मागे पडलेल्याला पुरवणी परीक्षा असते, आणि आज वजाबाकीवर काम करणाऱ्या मुलाला त्या परीक्षेचं नाव ऐकून काहीच फायदा नाही.

राहिला कोरा पेपर देणारा मुलगा. न लिहिणं ही त्याची सुरक्षित जागा आहे: लिहिलं नाही तर चुकतही नाही. त्याला काही दिवस सोडवायला देऊच नका, तपासायला द्या. कागदावर कुणा ‘दुसऱ्या शाळेतल्या’ मुलाची सोडवलेली चार उदाहरणं लिहा, त्यात दोन चुकलेली. ५०३ − २७८ = ३७५ असंच काहीतरी. चूक कुठे आहे तिथे गोल करायचा, एवढंच काम. हे बहुतेक मुलं करतात, कारण चूक त्यांची नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोल केल्यावर विचारा, “मग त्यानं काय लिहायला हवं होतं?” तो शेजारी लिहील, आणि ते त्याचं पहिलं लेखी उत्तर असेल. पुढच्या आठवड्यात चिठ्ठी, पण सहाची नाही, दोनची. पहिली आकारिक चाचणी आली की त्याला आधीच सांगून ठेवा: सगळा पेपर वाच, येतील अशा दोन प्रश्नांना खूण कर, ते आधी सोडव, बाकीच्यांपुढे नुसता अंदाज लिही, शंभराच्या जवळपास की हजाराच्या. अंदाजाला गुण देता येत नसतील तर देऊ नका, पण लाल पेनानं त्याच्याशेजारी ‘जवळ आहे’ किंवा ‘लांब आहे’ एवढं लिहा. पेपर परत देताना तो घडी करून दप्तरात टाकेल. दुसऱ्या दिवशी त्यातला एक ‘जवळ आहे’ घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि पुढचं उत्तर दोघांनी मिळून काढा.